खोलीत नसलेली पुस्तकं का आठवतात? दृश्य, संदर्भ आणि वस्तूंची आठवण

मंजिरी_क

बारावीच्या मानसशास्त्राच्या मुलांसाठी एक प्रात्यक्षिक आखते आहे. जाणकारांची मदत हवी.

विषय असा: एखादी वस्तू आपल्या लक्षात येणं आणि लक्षात राहणं तिच्या भोवतालच्या दृश्यावर किती अवलंबून असतं? संदर्भग्रंथांत दोन परस्परविरोधी विधानं सापडतात. एकीकडे म्हणतात, स्वयंपाकघरात पातेलं चटकन ओळखू येतं, कारण ते तिथे अपेक्षित असतं. दुसरीकडे म्हणतात, विसंगत वस्तू डोळ्यांत भरते आणि जास्त आठवते. मग खरं काय? शिवाय माणसाच्या समोर असलेली मोठी विसंगत वस्तूही दिसत नाही, असे प्रयोग आहेतच.

मुलांना एका खोलीत थोडा वेळ बसवायचं, नंतर दुसऱ्या वर्गात नेऊन वस्तूंची यादी लिहायला सांगायची, असा साधा बेत आहे. खोलीत काय ठेवावं, किती वेळ द्यावा, आणि निष्कर्ष काढताना कुठे फसायला होतं, हे सांगाल का?

अनुस्वार

मंजिरीताई, उत्तम विषय. तुम्ही म्हणता तो प्रयोग १९८१ साली ब्रूअर आणि ट्रेयन्स यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात केला होता, तिथूनच सुरुवात करू.

संशोधक विद्यार्थ्याची खोली म्हणून एक खोली सजवली होती. टेबल, खुर्ची, टाइपरायटर वगैरे नेहमीचं सामान, शिवाय कवटी आणि सहलीची टोपली अशा काही अनपेक्षित वस्तू. आणि मुद्दाम एकही पुस्तक ठेवलं नव्हतं. सहभागी माणसाला 'जरा थांबा, आधीच्याचं आटोपलं का बघून येतो' असं सांगून तिथे ३५ सेकंद बसवायचं, मग दुसऱ्या खोलीत नेऊन अचानक विचारायचं. लिहून आठवायला सांगितलेल्या ३० जणांपैकी २९ जणांना खुर्ची आठवली, २९ जणांना टेबल. कवटी ८ जणांनी लिहिली. आणि ९ जणांनी पुस्तकं होती असं लिहिलं.

यातला कळीचा भाग म्हणजे वस्तूंचं गुणांकन. प्रत्येक वस्तूला दोन वेगळे गुण दिले होते: अशा खोलीत ती असण्याची अपेक्षा किती, आणि ती नजरेत भरणारी किती. न सांगता घेतलेल्या यादीत दोन्ही गुणांचा फायदा दिसला. म्हणजे अपेक्षित वस्तूही जास्त लिहिल्या गेल्या, ठसठशीत वस्तूही. हे दोन गुण वेगळे मोजले नाहीत तर प्रात्यक्षिक तिथेच कोलमडतं. लालभडक फुटबॉल ऑफिसात ठेवला आणि सगळ्यांना आठवला, तर तो विसंगत म्हणून आठवला की लाल म्हणून, हे सांगता येत नाही.

चकवा

म्हणजे कवटी समोर असून २२ जणांनी लिहिलीच नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा याला आता शास्त्रीय पुरावा मिळाला म्हणायचा. 🙂

गणिती_गो

अनुस्वार, 'अपेक्षित वस्तू जास्त आठवल्या' यावर माझी हरकत आहे. खुर्ची लिहिणाऱ्या २९ जणांपैकी किती जणांना ती खरंच आठवली आणि किती जणांनी 'खोली आहे म्हणजे खुर्ची असणारच' म्हणून लिहिली? खुर्चीवर ते बसले होते म्हणून ती बाजूला ठेवू, पण बाकीच्या वस्तूंचं काय? नसलेली पुस्तकं लिहिणारी माणसं तोच तर्क असलेल्या वस्तूंनाही लावत असणार. तिथे तो तर्क बरोबर ठरतो, म्हणून आपण त्याला स्मरण म्हणतो.

हा प्रश्न नुसत्या यादीतून सुटत नाही. ओळखचाचणी घ्यावी लागते, आणि तिच्यात चार प्रकारच्या वस्तू विचाराव्या लागतात: अपेक्षित व होती, अपेक्षित पण नव्हती, विसंगत व होती, विसंगत आणि नव्हतीही. समजा प्रत्येक प्रकारच्या ८ वस्तू विचारल्या. एखाद्या मुलीने असलेल्या अपेक्षित वस्तूंपैकी ७ ना 'होती' म्हटलं आणि नसलेल्या अपेक्षितपैकी ५ नाही 'होती'च म्हटलं. विसंगतमध्ये असलेल्या ६ ना 'होती' आणि नसलेल्या एकीलाही नाही. नुसते बरोबर 'होती' मोजले तर ७ विरुद्ध ६, अपेक्षित वस्तू जिंकल्या. चुकीचे 'होती' वजा केले तर २ विरुद्ध ६. निकाल पार उलटा!

(हे आकडे फक्त हिशेब समजावण्यासाठी घेतले आहेत.)

अनुस्वार

गो, हरकत मान्य. हाच वाद ओळखण्याबाबतही, म्हणजे स्मरणाच्या आधीच्या टप्प्यावरही, गाजलेला आहे.

१९७५ मध्ये स्टीफन पामर यांनी आधी स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं आणि मग क्षणभर एका वस्तूचं. पाव दाखवला तर लोक जास्त अचूक ओळखत. पण अमेरिकेत घराबाहेर खांबावर असते ती गोल पाठीची टपालपेटी दाखवली तर अचूकता घसरे. पाव आणि ती पेटी यांचा आकार जवळपास सारखा, म्हणून ही जोडी निवडली होती. १९८२ मध्ये बीडरमन आणि सहकाऱ्यांनी दृश्यातली वस्तू पाच प्रकारे 'चुकीची' केली: आधाराविना तरंगणारी, मागचं आरपार दिसणारी, त्या जागी न शोभणारी, चुकीच्या ठिकाणी असलेली आणि चुकीच्या आकाराची. चित्र १५० मिलिसेकंद दाखवलं. नियम मोडणारी वस्तू ओळखायला अवघड गेली.

यावर १९९८ मध्ये होलिंगवर्थ आणि हेंडरसन यांनी नेमका गो यांचा आक्षेप घेतला: लोक दिसलं म्हणून सांगतात की दृश्यावरून अंदाज बांधतात? त्यांनी चित्रानंतर दोन पर्याय दिले, दोन्ही त्या दृश्याला शोभणारे किंवा दोन्ही न शोभणारे. म्हणजे अंदाजाचा उपयोगच उरला नाही. आणि मग अपेक्षित वस्तूंचा फायदा नाहीसा झाला.

मला स्वतःला मात्र 'सगळा अंदाजच' हे टोकाचं वाटतं. २००४ मध्ये डेव्हनपोर्ट आणि पॉटर यांनी रंगीत छायाचित्रं ८० मिलिसेकंद दाखवून वस्तूचं नाव लिहायला सांगितलं, पर्याय न देता. शोभणाऱ्या पार्श्वभूमीवर वस्तू जास्त अचूक ओळखली गेली. इतकंच नाही, शोभणारी वस्तू समोर असली तर पार्श्वभूमीही जास्त अचूक ओळखली गेली. म्हणजे व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो.

गणिती_गो

नाव लिहायला सांगितलं की अंदाजाला पुन्हा वाव मिळतोच की. ८० मिलिसेकंदांत अर्धवट दिसलेल्या आकाराला दृश्यावरून नाव दिलं, तर ते पाहणं की तर्क?

अनुस्वार

अर्धवट आकारावरून तर्क करणं हेच पाहणं, असं मानणारा मोठा गट आहे आणि मी त्याच गटातला. मुलांच्या प्रात्यक्षिकात मात्र हे दोन वेगळे मोजलेच पाहिजेत, तिथे तुमच्याशी सहमत.

तिसरी घंटा

नाटकाच्या प्रॉपर्टीच्या बाजूने लिहितो. हा प्रश्न रंगमंचामागे रोजचाच.

दौऱ्यावर प्रयोग असला की सेट तोच, थिएटर वेगळं. विंगेत प्रॉपर्टीचं टेबल लागतं. 'सगळं आहे ना?' असं टेबलाकडे बघून विचारलं की नेहमीच्या वस्तू असल्यासारख्याच वाटतात. चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या अंकातली चिठ्ठी, या रोज तिथे असतात म्हणून नजर त्यांच्यावरून घसरते. उलट एखाद्या नाटकात पिस्तूल किंवा सतार असेल तर ती कुणी विसरत नाही.

म्हणून टेबलावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूभोवती मार्करने तिची बाह्यरेषा काढायची आणि आत नाव लिहायचं: 'चष्मा – आबा – अंक १ प्रवेश २'. पाण्याचा तांब्या असेल तर किती भरायचा तेही. पहिल्या घंटेच्या आधी वस्तू मोजायच्या नाहीत, रिकाम्या चौकटी शोधायच्या. मग नसलेली वस्तू डोळ्यांना दिसते. यादी वाचणारा एक आणि बोट ठेवणारा दुसरा, अशी दोन माणसं हवीत. अंक संपला की टेबल पुन्हा लावायचं, कारण नट वस्तू खिशात घेऊन मेकअपरूमला जातात.

सेटवर जे ठेवतो त्याचाही असाच हिशेब असतो. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात दिनदर्शिका, टीव्ही, देवाचा फोटो प्रेक्षक बघून न बघितल्यासारखे करतात. पुढे कथानकात लागणारी वस्तू विसंगत ठेवली तर लोक तिच्याकडेच बघत बसतात आणि संवाद निसटतात. अपेक्षित ठेवली तर ऐन वेळी 'ही कुठून आली?' असं वाटतं. उपाय हाच की वस्तू घराला शोभणारीच ठेवायची, पण पहिल्या अंकात पात्राने ती एकदा हाताळायची. हाताने उचललेली वस्तू प्रेक्षकाच्या लक्षात राहते.

क्षितिजा

तिसरी घंटा, रिकाम्या चौकटीची कल्पना फारच आवडली. शूटिंगमध्ये कन्टिन्युइटीसाठी असं काही करतात का?

तिसरी घंटा

तिथे प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवतात आणि पुढच्या शॉटआधी ताडून बघतात. आठवणीवर काहीच सोडत नाहीत. टेबलावर कप आहे एवढं आठवतं. कान डावीकडे होता की उजवीकडे, चहा अर्धा होता की पाऊण, हे आठवत नाही.

अनुस्वार

कपाच्या कानाचं जे लिहिलंत त्यावर थेट प्रयोग आहे. १९७९ मध्ये अ‍ॅलिंडा फ्रीडमन यांनी स्वयंपाकघर, ऑफिस अशी रेखाचित्रं दाखवून डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. अनपेक्षित वस्तूवर पहिल्यांदा पडलेली नजर अपेक्षित वस्तूच्या साधारण दुप्पट वेळ टिकली. नंतर चित्रात बदल केले तेव्हा अनपेक्षित वस्तूतले बदल लोकांनी पकडले. अपेक्षित वस्तूच्या जागी त्याच प्रकारची दुसरी ठेवली तर ते जवळजवळ कुणाच्याच लक्षात आलं नाही. अपेक्षित वस्तूवर मन 'आहे' अशी खूण करून पुढे जातं, तपशील टिपतच नाही.

मंजिरीताई, तुमच्या दोन विरोधी विधानांपैकी निम्मा विरोध इथे सुटतो. 'कप होता का' हा प्रश्न संदर्भ सोडवतो. 'कोणता कप होता' याला संदर्भाचा काही उपयोग नाही, तिथे प्रत्यक्ष बघितलेलंच लागतं.

मंजिरी_क

हे फार उपयोगाचं आहे. पण मग मुळात नजर विसंगत वस्तूकडे आधी जाते का? एका पुस्तकात शेतातल्या ऑक्टोपसचं उदाहरण होतं.

अनुस्वार

ते लॉफ्टस आणि मॅकवर्थ यांचं, १९७८ चं. शेताच्या चित्रात ट्रॅक्टरच्या जागी ऑक्टोपस. नजर ऑक्टोपसवर लवकर गेली, वारंवार गेली, जास्त वेळ टिकली. पुढे हेंडरसन आणि इतरांनी जास्त भरगच्च चित्रं वापरून पाहिलं तेव्हा 'लवकर गेली' हा भाग टिकला नाही, 'जास्त वेळ टिकली' हा टिकला. कारण सरळ आहे. डोळ्याच्या कडेने वस्तू काय आहे हेच नीट कळत नसेल तर ती विसंगत आहे हे कसं कळणार? मोकळ्या चित्रात एकटा ठळक ऑक्टोपस कडेनेही कळतो, भरलेल्या माळ्यावर नाही कळत.

शोधत असताना तर संदर्भ नजरेला उलट दिशेने नेतो. टूथब्रश शोधायचा तर बेसिनच्या आसपास, आणि तेही टूथब्रशच्या मापाचं काहीतरी. २०१७ मध्ये एक्स्टीन आणि सहकाऱ्यांनी बाथरूमच्या चित्रात प्रचंड मोठा टूथब्रश ठेवला. तो लोकांच्या नजरेतून वारंवार सुटला. वस्तू ओळखणाऱ्या संगणकप्रणालींना मात्र ही अडचण आली नाही. त्या मापाची अपेक्षा माणसासारखी धरत नव्हत्या.

क्षकिरण

आमच्या क्षेत्रातलं प्रसिद्ध उदाहरण २०१३ चं, ड्रू, व्हो आणि वुल्फ यांचं. २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं होतं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती.

याचा अर्थ तज्ज्ञ कमी पडतात असा काढू नये. पांढऱ्या छोट्या गोल गाठी शोधणाऱ्याने काळा मोठा आकार बाजूला टाकणं हा त्याच्या कौशल्याचाच भाग आहे. मात्र शोध एका गोष्टीपुरता राहिला की बाकीचं निसटतं. म्हणून छातीचा एक्स-रे वाचताना ठरावीक क्रम शिकवतात आणि सगळं झाल्यावर दडणाऱ्या जागा मुद्दाम पुन्हा बघायला लावतात: दोन्ही फुफ्फुसांची टोकं, हृदयाच्या सावलीमागचा भाग, फुफ्फुसांची मुळं, श्वासपटलाखालचा भाग, बरगड्या आणि खांद्याची हाडं. एक विकृती सापडली की तिथेच समाधान मानून दुसरी निसटते, ही दुसरी ठरलेली चूक. पहिली सापडली तरी क्रम अर्धवट सोडायचा नाही.

'दुर्मीळ' असण्याचाही परिणाम आहे. २००५ मध्ये वुल्फ यांच्या गटाने सामानाच्या एक्स-रेसारखी चित्रं दाखवली. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा सुमारे ७ टक्के सुटल्या. १ टक्का चित्रांत होती तेव्हा सुमारे ३० टक्के सुटल्या. लोक 'नाही' म्हणायला लवकर तयार होतात. विमानतळावरच्या तपासणीयंत्रांत अधूनमधून शस्त्रांची खोटी प्रतिमा मिसळतात, त्याने तपासणाऱ्याची जागरूकता टिकते आणि त्याचं कामही जोखता येतं.

शुभ्रा सिस्टर

ऑपरेशन थिएटरमध्ये मॉप-गॉजची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी याच कारणासाठी इतकी काटेकोर असते. सुरू होण्यापूर्वी, पोकळी शिवण्यापूर्वी आणि त्वचा शिवण्यापूर्वी. स्क्रब नर्स आणि फिरती नर्स, दोघींनी एकाच वेळी मोठ्याने, प्रत्येक नग सुटा करून. सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'पाचचं पाकीट आहे, पाचच असणार'. पाकिटावर ५ लिहिलंय हा संदर्भ झाला, मोजणी नव्हे. कधी चार निघतात, कधी दोन चिकटून सहा. असं पाकीट बाजूला काढायचं, हिशेबात धरायचंच नाही. मध्ये कुणी हाक मारली, फोन वाजला, तर तो प्रकार पहिल्यापासून मोजायचा.

मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो. रक्ताने भिजलेला मॉप पोटात आजूबाजूच्या ऊतींसारखाच दिसतो, हात फिरवून शोधावा लागतो. हिशेब जुळला नाही आणि शोधूनही सापडला नाही, तर टेबलावरच एक्स-रे काढतात.

रूळपट्टी

रेल्वेत लोको पायलट आणि सहायक दोघेही सिग्नल हाताने दाखवून मोठ्याने पुकारतात ते यासाठीच. रोजच्या मार्गावर 'हा सिग्नल नेहमी हिरवाच असतो' ही सवय डोळ्यांवर स्वार होते. पुकारायचं म्हटलं की प्रत्यक्ष रंग बघावाच लागतो. जपानी रेल्वेने ही पद्धत जुन्या काळापासून जोपासली आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत बोट दाखवून पुकारल्याने साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या.

चकवा

स्वयंपाकघरातून गॅसकडे बोट दाखवून 'शेगडी बंद!' असं पुकारून बाहेर पडायला हरकत नाही मग.

रूळपट्टी

गमतीने लिहिलंत, पण करून बघाच. 'गॅस बंद केला होता ना?' ही शंका कुलूप लावल्यावर येते, कारण रोजची शेकडो 'बंद करणं' एकमेकांत मिसळलेली असतात. पुकारल्याने आजची वेळ वेगळी नोंदली जाते.

पंच क्र. २

धागा आत्ता वाचला. घटनास्थळ पंचनाम्याशी याचा जवळचा संबंध आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पंचनाम्यात नवख्या माणसाची नजर रक्ताच्या डागावर, कोयत्यावर जाते. घरातलं नेहमीचं सामान 'घरगुती सामान नेहमीप्रमाणे' या एका वाक्यात उरकलं जातं, आणि पुढे खटल्यात नेमका त्यातलाच प्रश्न निघतो: पंखा चालू होता का, कडी आतून होती का, ताटं किती होती. म्हणून क्रम ठरवावा. आधी चतुःसीमा, मग प्रवेशद्वार, दार उघडतं कुठल्या बाजूला, मग दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने भिंतीभिंतीने, प्रत्येक भिंत वरून खाली, शेवटी मधली जमीन आणि छत. फोटोही याच क्रमाने, आधी पूर्ण खोलीचे, मग मधल्या अंतराचे, मग मोजपट्टी ठेवून जवळचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, पण कॅमेरा धरणाऱ्याची नजरही कोयत्याकडेच वळते. कॅमेऱ्यालाही तोच क्रम लावावा.

'नाही' ते लिहिणं सगळ्यात अवघड. उदाहरणादाखल एक नोंद: 'पूर्वेकडील भिंतीवर जमिनीपासून अंदाजे ५ फुटांवर खिळा असून त्याखाली भिंतीच्या रंगापेक्षा उजळ आयताकृती भाग दिसतो. तेथे सद्यःस्थितीत कोणतीही वस्तू टांगलेली नाही.' धुळीतली स्वच्छ गोल जागा, रिकामं हॅन्गर, प्लगमध्ये नुसतीच चार्जरची पिन, अशा खुणांवरून नसलेली वस्तू कळते. तिसरी घंटा यांची बाह्यरेषा इथे धुळीने काढलेली असते.

आता साक्षीदार. 'हातात चाकू होता का?' असं विचारलं की भांडणाच्या दृश्यात चाकू शोभतो, आणि तो आठवायलाही लागतो. १९८० च्या दशकात गायझलमन आणि फिशर यांनी मुलाखतीची जी पद्धत बसवली तिच्यात आधी प्रसंगाचा परिसर मनात उभा करायला लावतात: कुठे उभे होता, उजेड कुठून येत होता, कसला आवाज, कसला वास, त्या वेळी मनात काय होतं. मग न अडवता सगळं सांगू द्यायचं, क्षुल्लक वाटलं तरी. नंतर शेवटाकडून उलट्या क्रमाने. उलट्या क्रमाचा फायदा असा की 'मग असं झालं असणार' ही साखळी तुटते. तिने भरलेल्या जागा उघड्या पडतात.

गणिती_गो

पंच, शस्त्रामुळे चेहरा लक्षात राहत नाही म्हणतात, ते भीतीमुळे ना?

पंच क्र. २

भीतीपेक्षा विसंगतीमुळे, असा पुरावा आहे. केरी पिकेल यांनी १९९८ मध्ये केशकर्तनालयाचं चित्रीकरण दाखवलं. एकाच माणसाच्या हातात कधी कात्री, कधी पिस्तूल, कधी पाकीट, कधी कच्ची कोंबडी. कात्री धोकादायक आहे पण तिथे शोभते, कोंबडी निरुपद्रवी आहे पण तिथे शोभत नाही. माणसाचं वर्णन बिघडलं ते विसंगत वस्तूंमुळे. नजर वस्तूवर अडकली की चेहऱ्याला वेळ उरत नाही.

क्षितिजा

अवांतर: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर 'काय घ्यायला आले होते?' होतं, तेही संदर्भामुळेच का? आणि परीक्षेच्या हॉलमध्येच बसून अभ्यास केला तर जास्त आठवतं, हे खरं का?

अनुस्वार

दारातून गेल्यावर आधीच्या खोलीतल्या वस्तूची आठवण मंदावते, असं रॅडवान्स्की यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं. मन प्रसंगांचे तुकडे पाडतं आणि दार ही तुकड्याची सीमा ठरते. पहिल्या खोलीत परत गेल्याने प्रत्येक वेळी आठवतंच असं मात्र त्यांना दिसलं नाही.

परीक्षेच्या हॉलचं जपून घ्या. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना पाण्याखाली आणि काठावर शब्द पाठ करायला लावले. शिकलेल्या जागीच चाचणी दिली तर शब्द जास्त आठवले. १९८० मध्ये त्यांनीच ओळखचाचणी घेतली तेव्हा जागेचा फरक दिसला नाही. आणि २०२१ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा मूळ निकालच मिळाला नाही. त्यामुळे मुलांना 'हॉलमध्ये बसून वाचा' असं सांगण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या जागी वाचलेलं बरं, कुठल्याच एका खोलीवर भिस्त राहत नाही.

मंजिरी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. आता बेत असा करते: शिक्षकांची खोली. नेहमीच्या २० वस्तू, विसंगत ४. घड्याळ, पुस्तकं, पेनस्टँड मुद्दाम नाही. ३५ सेकंद. नंतर आधी कोरी यादी, मग ओळखचाचणी. काही सुटतंय का?

अनुस्वार

बरंच काही आहे त्यात. क्रम बरोबर: कोरी यादी आधीच घ्यायची, उलट केलं तर ओळखचाचणीतल्या वस्तू यादीत उतरतात. भर घालतो.

एकच खोली पुरणार नाही. १९८९ मध्ये पेझडेक आणि सहकाऱ्यांनी ऑफिस आणि बालवाडी अशा दोन खोल्या सजवल्या, म्हणजे एकीकडे शोभणारी वस्तू दुसरीकडे विसंगत. तसंच करा. शिक्षकांची खोली आणि गृहविज्ञानाचं स्वयंपाकघर. पोळपाट, किसणी, चाळणी आणि झारा स्वयंपाकघरात शोभतात, शिक्षकांच्या खोलीत नाहीत. पंचिंग मशीन, डस्टर, हजेरीपट आणि शिक्क्याचं पॅड याच्या उलट. म्हणजे वस्तू तीच राहते, संदर्भ तेवढा बदलतो, आणि ठसठशीतपणाचा प्रश्न मिटतो. विसंगत वस्तू चारच्या वर नेऊ नका. जास्त झाल्या की खोली अडगळीची वाटते आणि मग काहीच विसंगत राहत नाही.

पेझडेकच्या प्रयोगात विसंगत वस्तू यादीतही आणि ओळखण्यातही सरस ठरल्या, ब्रूअरच्या प्रयोगापेक्षा वेगळं. तिथे लोकांना चाचणी होणार हे आधीच ठाऊक होतं. लक्षात ठेवायचं म्हणून बघणारा माणूस विसंगत वस्तू मुद्दाम टिपतो. तेव्हा तुमच्या अर्ध्या मुलांना 'वस्तू लक्षात ठेवा' असं सांगून पाठवा, अर्ध्यांना नुसतं बसायला सांगा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलांना या फरकातच दिसेल.

गणिती_गो

ओळखचाचणीत विसंगत पण नसलेल्या वस्तू घालायला विसरू नका. त्यासाठी प्रत्येक खोलीची दोन रूपं करा. शिक्षकांच्या खोलीच्या 'अ' रूपात पोळपाट व किसणी, 'ब' मध्ये चाळणी व झारा. 'अ' वाल्यांना चारही विचारा. वस्तूंच्या अपेक्षेचे गुण प्रयोगात नसलेल्या दुसऱ्या तुकडीकडून घ्या, १ ते ६ च्या मापावर, खोली न दाखवता.

पंच क्र. २

घड्याळ काढणार असाल तर खिळाही काढा आणि भिंतीवरचा डाग झाका. नाहीतर हुशार पोरं खिळ्यावरून घड्याळ ओळखतील.

तिसरी घंटा

सगळ्या वस्तू खुर्चीवरून दिसतात ना, ते स्वतः त्या खुर्चीवर बसून तपासा, मुलांच्या उंचीने. आणि प्रत्येक गट गेल्यावर टेबलावरच्या खुणांवर वस्तू परत लावा, पोरं हात लावतातच.

मंजिरी_क

'कोणता होता' हा तपशीलही विचारू का? म्हणजे फ्रीडमनसारखं, दोन कपांचे फोटो देऊन?

अनुस्वार

जरूर. प्रत्येक खोलीतल्या ४ अपेक्षित आणि विसंगत म्हणून ठेवलेल्या दोन्ही वस्तूंसाठी त्याच प्रकारच्या दोन नगांचे फोटो द्या, एक खरा, एक बदली. फोटो एकाच पार्श्वभूमीवर, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा. खऱ्या वस्तूचा फोटो खोलीतच काढला तर मागची भिंत उत्तर सांगून टाकेल. नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येतात, तेव्हा निम्म्याच्या वर किती गेली तेवढंच मोजा. आणि शेवटच्या ओळीत विचारा, 'बसलेले असताना चाचणीचा संशय आला होता का?' ज्यांनी हो लिहिलं त्यांचे कागद वेगळे ठेवून मोजा.